एकूण एक किल्ली

लव्हर्न हॅसकिन्सला माणसांचा राग नव्हता, पाहुण्यांचा होता. चांगला शहाणासुरता माणूस मोटेलच्या दारात गाडी लावून उतरला की पाहुणा होतो, आणि पाहुणा झाला की त्याची अक्कल गाडीतच राहते, असं तिचं चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवाचं मत होतं. ओक्लाहोमाच्या पश्चिमेला, जिथे गहू आणि लाल धूळ यांपलीकडे डोळ्यांना काही काम नाही, तिथे बर्डेट गावाच्या कडेला, सहासष्ट नंबरच्या जुन्या रस्त्यावर तिचं किलडीअर मोटेल होतं. एका रांगेत बारा खोल्या, हिरवी दारं, आणि रस्त्याकडेच्या उंच पाटीवर त्याच नावाचा निऑनचा एक पक्षी, ज्याचा डावा पंख मनाला येईल तेव्हा पेटायचा. नवा महामार्ग मैलभर उत्तरेकडून गेला तेव्हा शेजारचं जेवणघर बंद पडलं, समोरचा पेट्रोल पंप बंद पडला, पंपवाल्यानं तर हसतहसत गाव सोडलं. किलडीअर राहिलं, कारण लव्हर्नला कोणी "आता पुरे करा" म्हटलं की तिला नवा हुरूप यायचा.

मग जगाचं डोकं फिरलं. जो रस्ता कुत्रंही विचारत नव्हतं तो बघायला जर्मनीहून, नॉर्वेहून, जपानहून लोक येऊ लागले. भाड्याच्या मोटरसायकली, चामड्याची जाकिटं, आणि प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न: हे मूळचं आहे का? पलंग मूळचा का, नळ मूळचा का, वावटळीत लपायचं ते तळघर मूळचं का. एका डच माणसानं तिचा फोटो काढायची परवानगी मागितली तेव्हा ती म्हणाली, "काढा. मीही मूळचीच आहे, फक्त उजवा गुडघा नवा आहे." त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

पाटीचे फोटो काढायला दिवसाकाठी वीस गाड्या थांबत. त्यातली एखादी खोली घेई, बाकीचे वाफ्यातल्या झेंडूवर पाय देऊन, पक्ष्याखाली उड्या मारतानाचे फोटो काढून, बाथरूम वापरायला मिळेल का विचारून पुढे जात. लव्हर्न ते कसंबसं सोसायची. पण खोली घेणारे जाताना किल्ली घेऊन जात, ते तिला सोसवत नव्हतं.

त्या किल्ल्यांची गोष्ट अशी. तिच्या नवऱ्यानं, हार्लननं, दारांना जुनी जड पितळी कुलपं बसवली होती. प्रत्येक कुलपाच्या दोनच किल्ल्या. एक हार्लनच्या जुडग्यात, एक पाहुण्याला. पाहुण्याच्या किल्लीला शंकरपाळ्याच्या आकाराचा हिरवा बिल्ला, त्यावर एका बाजूला खोलीचा नंबर, दुसऱ्या बाजूला मोटेलचा पत्ता आणि एक ओळ: चुकून सोबत आली तर कुठल्याही टपालपेटीत टाका, टपाल आम्ही भरू. पूर्वीचे पाहुणे ट्रकवाले, औषध कंपन्यांचे विक्रेते असे. त्यांच्या खिशातून किल्ली चुकून जाई आणि आठवड्याभरात पोस्टानं परत येई. आताचे पाहुणे चुकत नव्हते. ते आठवण म्हणून उचलत होते. कुलपांचा कारखाना कधीच बुडालेला, तसल्या कोऱ्या किल्ल्या कुठे मिळत नाहीत, त्यामुळे गेली ती गेली. अशा करता करता आठ खोल्यांच्या किल्ल्या गेल्या. मग त्या खोलीतला पाहुणा बाहेरून जेवून आला की ऑफिसची घंटा वाजवणार, आणि लव्हर्न नवा गुडघा सांभाळत, हार्लनचा जुडगा घेऊन, त्याला त्याचंच दार उघडून द्यायला जाणार.

यावर तोडगा योलांडानं काढला. योलांडा पंधरा वर्षं खोल्या साफ करत होती आणि पाहुण्यांविषयी तिची मतं लव्हर्नहून कडक होती, कारण तिनं त्यांच्या चादरी बघितल्या होत्या. ती म्हणाली, "मिस लव्हर्न, त्यांना किल्लीच हवीय ना? आपण खोट्या करू आणि विकू." नंबर एक ते बारा, हुबेहूब हिरवे बिल्ले, खाली कुठल्याही कुलपाला न लागणारी किल्ली. टोपलीभर करून काउंटरवर ठेवल्या. झकास खपल्या. आणि झालं काय? लोकांनी खोटी विकत घेतली आणि खरीही नेली, कारण खरी ती खरी. वर खोट्या पोस्टानं परत यायला लागल्या. कोणाची आजी वारली, खणात बिल्ला सापडला, नातवानं पाठीमागची ओळ वाचून इमानदारीत टपालपेटीत टाकला. पोस्टमन डेल्मर गाडीच्या खिडकीतून टपालखर्च मागायचा आणि लव्हर्न स्वतःच विकलेली खोटी किल्ली पैसे देऊन सोडवून घ्यायची.

"घेऊ नका ना मग," डेल्मर म्हणायचा.

"बिल्ल्यावर काय लिहिलंय? आम्ही भरू. हार्लननं शब्द दिलाय."

एकदा खोट्यांतली बारा नंबरची आली. पाकिटातून हिरवा बिल्ला बाहेर आला, त्यावर बाराचा आकडा, आणि लव्हर्नला खुर्ची शोधावी लागली. मग तिनं किल्ली उलटीसुलटी करून पाहिली, ती खोटी होती. तिनं त्या दिवशी योलांडाला फार बोलून घेतलं. बारा नंबरचे बिल्ले करू नकोस म्हणून सांगितलं होतं की नाही? योलांडा म्हणाली, सांगितलं होतं, पण कारखानेवाला डझनच करतो. लव्हर्ननं टोपलीतले सगळे बारा नंबर वेचून कचऱ्यात टाकले. परत आलेली ती एक मात्र खणात ठेवली.

बारा नंबरची खोली भाड्यानं जात नसे. रांगेतली शेवटची, गव्हाच्या शेताला लागून असलेली. ती तिच्या मुलाची, ड्वेनची. हार्लन गेला त्या वर्षी, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी, ड्वेन म्हणाला होता की वेळीच विकून टाकू, हा रस्ता मेलाय. बापाला पुरून चार दिवस झालेले. लव्हर्न म्हणाली, तुला जायचं असेल तर जा, पण किल्ली ठेवून जा. शब्द तोंडातून गेला तो गेला. सकाळी ड्वेन नव्हता. बारा नंबरचं दार नीट लावलेलं होतं, आणि ऑफिसातल्या फळीवर बाराच्या खिळ्याला किल्ली नव्हती.

ती किल्ली त्यानं नेली, यावर लव्हर्न एकोणीस वर्षं जगली. फोन नाही, पत्र नाही, कुठे आहे ठाऊक नाही. पण ज्याला परत यायचंच नाही तो किल्ली कशाला नेईल? टाकून गेला असता, तोंडावर मारून गेला असता. हे तिनं कोणापाशी बोलून दाखवलं नाही. दर शुक्रवारी योलांडा बारा नंबरची धूळ झाडायची, चादर बदलायची आणि काही विचारायची नाही.

तर एका उन्हाळ्यात एका मोटरसायकलवाल्याचा कॅमेरा चोरीला गेला. सहा नंबरमधून. सहाची किल्ली कोण्या आधीच्या पाहुण्यानं पळवलेली, त्यामुळे हा गडी दार नुसतं ओढून जेवायला गेला होता. त्यानं भरपाई मागितली आणि विमा कंपनीनं गॅरेट नावाचा एक गोरटेला, घामेजलेला तपासनीस पाठवला. गॅरेट वाईट माणूस नव्हता. त्यानं दालचिनीचा गोड रोल खाल्ला, कॉफी घेतली, आणि तितक्याच सौजन्यानं सांगितलं की सप्टेंबरअखेर बाराच्या बारा दारांना कार्डानं उघडणारी कुलपं बसवा, नाहीतर विमा बंद. विमा बंद म्हणजे मोटेल बंद, हे त्याला बोलावंही लागलं नाही.

लव्हर्ननं त्याला विचारलं, किल्ल्या परत आल्या तर?

"सगळ्या?"

"सगळ्या."

गॅरेटनं विचार केला. बाहेर एकही किल्ली नाही असं दिसलं तर जुनी कुलपं चालतील, म्हणाला. पण बाराच्या बारा, शिवाय तुमचा जुडगाही पूर्ण, आणि मी स्वतः बघणार.

"बारा नंबर मी भाड्यानं देत नाही."

"दार आहे ना, मॅम?"

दार होतं. आणि त्या दाराचं कुलूप बदललं तर ड्वेनच्या खिशातला तुकडा निव्वळ पितळ होणार होता. तो उद्या आला, किल्ली लावून बघितली आणि ती फिरली नाही, तर तो काय समजणार? आईनं कुलूप बदललं, एवढंच. लव्हर्नला कार्डांचा खर्च परवडला असता. हे नसतं परवडलं.

तिनं योलांडाला बेत सांगितला. बाकीच्या आठ कशाही करून मिळवायच्या, आणि बारा नंबरच्या खिळ्याला खणातली खोटी लावायची. योलांडानं विचारलं, त्यानं दाराला लावून पाहिली तर?

"तर मला चक्कर येईल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला चक्कर आली की कोणी कुलपं तपासत बसत नाही."

आठ कशा मिळवायच्या हा प्रश्न आपणहून सुटला. जिल्ह्याच्या साप्ताहिकाची एक मुलगी जुन्या रस्त्यावरच्या धंद्यांवर लिहायला आली होती. तिला निऑन, घरचे केक आणि आठवणी हव्या होत्या. लव्हर्न त्या दिवशी तीन वेळा सहा नंबरचं दार उघडून आली होती. तिनं आठवणी बाजूला ठेवल्या आणि मुलीला सरळ सांगितलं, लिहून घे. ज्यांनी ज्यांनी किल्ल्या नेल्यात त्यांनी मुकाट्यानं पाठवून द्याव्यात. मी काही विचारणार नाही. पण मला सगळ्या परत हव्यात, एकूण एक.

छापून आलं ते मोठ्या अक्षरांत: "मला सगळ्या परत हव्यात, एकूण एक." सोबत लव्हर्नचा फोटो, कमरेवर हात, मागे विझलेल्या पंखाचा पक्षी. कोणीतरी ते कापून इंटरनेटवर टाकलं, आणि सहासष्ट नंबरच्या वेडानं झपाटलेल्या जगभरच्या मंडळींनी ते एकमेकांना पाठवलं. पंधरवड्यात डेल्मरची पिशवी खुळखुळायला लागली. ओहायोहून चार नंबर आली. नॉर्वेहून नऊ नंबर, सोबत चॉकलेट. एका दाताच्या डॉक्टरनं दोन पानी माफीपत्र धाडलं, की मधुचंद्राला आलो होतो, बायको नको म्हणत होती, मीच उचलली, आता ती बायको राहिली नाही तरी किल्ली आहे. खोट्या तर पसाभर आल्या, कारण ज्यांनी विकत घेतल्या होत्या त्यांनाही आपण चोर आहोत असं वाटू लागलं. लव्हर्न वैतागून प्रत्येक किल्ली दाराला लावून बघायची, खरी खिळ्याला आणि खोटी टोपलीत. योलांडानं टोपलीतल्या पुन्हा विकायला काढल्या.

सप्टेंबरच्या पंचवीस तारखेला आठवी आली. फळीवर अकरा खऱ्या आणि बाराव्या खिळ्याला खणातली खोटी. लव्हर्ननं त्या रात्री कित्येक महिन्यांनी पाय वर करून टीव्ही बघितला.

सत्तावीस तारखेला डेल्मर आला तो गाडीतून उतरून आला. एरवी तो खिडकीतूनच हाक मारायचा. त्याच्या हातात एक छोटं जाड पाकीट होतं.

"किती झाले?" लव्हर्ननं पर्स उघडत विचारलं.

"काही नाही. तिकिटं लावलीत. गरजेपेक्षा जास्तच लावलीत."

तिनं तिकिटं बघितली. सहा, एका ओळीत, काटकोनात चिकटवलेली. किल्ली पाठवणाऱ्यानं तिकीट लावलेलं तिनं चव्वेचाळीस वर्षांत मोजून पाच वेळा पाहिलं असेल. ड्वेन मात्र लहानपणापासून यावर भांडायचा. किल्ली त्यांनी न्यायची आणि टपाल आपण का भरायचं, नेणाऱ्यानंच भरावं, असं तो बापाशी वाद घालायचा आणि हार्लन हसायचा.

तिनं पाकीट फाडलं. हिरवा बिल्ला, बारा. बिल्ल्याचा एक कोपरा वितळून गोल झालेला. हा कोपरा वितळतो का बघायला दहा वर्षांच्या ड्वेननं तो शेगडीवर धरला होता, आणि तिनं त्याला दोन धपाटे दिले होते. पाकिटात चिठ्ठी नव्हती. तिनं आत बोट घालून पाहिलं, पाकीट उलटं करून आपटून पाहिलं.

"शिक्का कुठला आहे?" तिनं विचारलं.

डेल्मरनं आधीच बघितला होता. "ओक्लाहोमा सिटी. पण त्याला अर्थ नाही, मिस लव्हर्न. अर्ध्या राज्याचं टपाल तिथे जाऊन शिक्का घेतं. माझ्या घरून टाकलं असतं तरी हाच पडला असता."

म्हणजे याच राज्यात. म्हणजे जिवंत, हातीपायी धड, तिकिटं सरळ रेषेत लावण्याइतका. लव्हर्नला आधी त्याचाच आनंद झाला, आणि मग पाठोपाठ कळलं की त्यानं बातमी वाचली होती. मोठ्या अक्षरांत, तिच्या फोटोसकट. मला सगळ्या परत हव्यात, एकूण एक. जगातल्या सगळ्या चोरांना सांगताना एकाला वगळायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी तोंडावर म्हणाली होती, किल्ली ठेवून जा. आता वर्तमानपत्रातून म्हणाली. पहिल्यांदा त्यानं ऐकलं नाही. या वेळी ऐकलं.

"गाढवा," ती पाकिटाला म्हणाली, "तुझी कोणी मागितली होती?"

डेल्मरनं टोपी काढली, परत घातली आणि गाडीकडे गेला.

तीस तारखेला गॅरेट आला. त्यानं जुडगा मोजला, फळीवरच्या बारा किल्ल्या बघितल्या आणि शिस्तीचा माणूस असल्यानं एकेक करून सगळ्या दारांना लावून पाहिल्या. लव्हर्न मागून चालत होती. चक्कर यायची गरज पडली नाही. बारा नंबरला किल्ली अशी सहज फिरली की गॅरेटनं कौतुकानं मान हलवली, आतली कोरी चादर, खिडकीतलं गव्हाचं रान बघितलं, आणि म्हणाला, एवढी चांगली खोली तुम्ही देत का नाही? तिनं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. त्यानं कागदावर सही केली, अभिनंदन केलं, रोल खाल्ला आणि गेला. जुनी कुलपं राहिली, विमा राहिला, मोटेल राहिलं. लव्हर्नला इतकं हरल्यासारखं हार्लनच्या शवपेटीपाशीही वाटलं नव्हतं.

योलांडा त्या दुपारी चादरी घेऊन आली तर ऑफिस रिकामं. लव्हर्न रस्त्याच्या कडेला, पाटीखाली, लांब काठी घेऊन उभी होती. निऑनच्या पक्ष्याखाली एक पांढरा फळा होता, त्यावर काळी सुटी अक्षरं काठीनं बसवता येत. तिथे सतरा वर्षं "खोल्या मिळतील, कॉफी फुकट" असं होतं. तिनं ती अक्षरं काढून खाली गवतात टाकली होती आणि खोक्यातून दुसरी शोधत होती.

"काय करताय?"

"दिवसाला वीस जण या पाटीचे फोटो काढतात की नाही? फोनवरून साऱ्या जगाला दाखवतात की नाही?"

"दाखवतात, मेले."

"मग दाखवू दे. काठी धर, माझा हात पोचत नाही."

अंधार पडेपर्यंत दोघींचं चाललं होतं. वाऱ्यानं दोनदा अक्षरं पडली, लव्हर्ननं वाऱ्यालाही ऐकवलं. शेवटी पाटी झाली: बारा नंबर उघडी आहे. किल्ली लागत नाही.

मग ती रांगेच्या टोकापर्यंत चालत गेली, बारा नंबरचं कुलूप काढलं आणि दार नुसतं ओढून घेतलं. योलांडानं आठवण केली की गॅरेटच्या कागदावर सगळी दारं कुलूपबंद असं लिहिलंय. लव्हर्न म्हणाली, कुलूप मंजूर झालंय, लावायचं की नाही ते माझं मी बघीन.

दुसऱ्या दिवसापासून फोटो सुरू झाले. नेहमीपेक्षा जास्तच, कारण पाटीचा अर्थ कोणालाच लागत नव्हता. लोक झेंडूवर पाय देऊन फोटो काढत, आणि त्यातले अर्धे ऑफिसात येऊन विचारत की बारा नंबरमध्ये काय खास आहे, कोणी मोठा माणूस राहिला होता का, आम्हाला तीच द्या, हवं तर दुप्पट घ्या.

"ती दिलेली आहे," लव्हर्न म्हणायची.

एका जर्मन बाईनं हुज्जत घातली. पाटीवर तर उघडी आहे म्हणता, मी जाऊन बघितली, आत कोणी नाही, सामानही नाही, मग दिली कोणाला?

"यायचाय तो," लव्हर्न म्हणाली, आणि तिच्यापुढे सहा नंबरची किल्ली आदळली. "आणि ही जाताना परत करा."